कारंज्यासमोरून आई हलणार नाही

मंडळी, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून ऑफिसमधूनच आपल्या मराठी ग्रुपवर लिहितेय.

इथला, ट्रॉय गावाजवळचा आपला जुना मॉल पाडला, आठवतंय ना? त्याच्या आठवणी जपणारी एक ऑनलाइन कम्युनिटी आहे. सगळे इथेच लहानाचे मोठे झालेले अमेरिकन. पण मॉलमधल्या कारंज्याचा एक धड फोटो कोणाकडे नव्हता. असणार कसा? स्वतःच्या गावातल्या मॉलमध्ये फोटो कोण काढतं?

आपण काढतो! भारतातून आई-बाबा आले की पहिल्याच वीकेंडला त्यांना त्या कारंज्यासमोर उभं करायचं आणि क्लिक.

काल मी माझ्या आईचा तसाच एक फोटो स्कॅन करून त्या कम्युनिटीवर टाकला. सुती साडी, वर माझं जॅकेट, पायात स्नीकर्स. बाहेर बर्फ, म्हणून थंडीभर ती मॉलमध्येच फेऱ्या मारायची.

आज अ‍ॅडमिनचा मेसेज आला. फोटो फार छान आहे, फक्त त्या बाई मध्ये येताहेत, त्यांना क्रॉप करून पाठवाल का?

नवऱ्याला फोन केला तर म्हणाला, "कर ना यार क्रॉप. मॉलचाच तर ग्रुप आहे."

का म्हणून? मी अ‍ॅडमिनला कळवून टाकलं, "त्या बाई मध्ये आलेल्या नाहीत. त्या होत्या म्हणून हा फोटो आहे."

तुमच्याही अल्बममध्ये कोणाची आई, कोणाचे काका-काकू त्या कारंज्यासमोर उभे असतीलच. स्कॅन करा आणि अख्खे टाका. बघू तरी, किती जणांना क्रॉप करतात!