साडेचारची भूक

लग्नाला एकतीस वर्षं झाली तरी बाईंनी नवऱ्याला बसून जेवताना पाहिलं नव्हतं. यात गूढ काही नाही. नवरा वेटर होता. जग जेवतं तेव्हा वेटर वाढतो आणि जग ढेकर देऊन निघून गेलं की साडेचारच्या सुमारास भटारखान्याच्या दारामागे उभ्याने चार घास पोटात ढकलतो. सात मिनिटांत. शेवटची अकरा वर्षं तो बढती मिळून कॅप्टन झाला होता, म्हणजे ऑर्डर घेणाऱ्यांतला सगळ्यात वरचा. त्यामुळे जहाज सोडा, साधी होडीही न पाहिलेल्या या गृहस्थांना सगळी गल्ली कॅप्टन म्हणायची. हुद्दा वाढला, मिनिटं सातच राहिली.

बाई पोस्टात होत्या, खिडकीमागे. रांगेतल्या माणसाने कितीही आदळआपट करावी, बाई खुर्चीतून हलल्याचं कोणाच्या पाहण्यात नव्हतं. “बाजूच्या खिडकीत विचारा,” हे वाक्य त्या इतक्या शांतपणे उच्चारत, की पुष्कळ लोक आभार मानून बाजूला सरकत. बाजूची खिडकी सहा वर्षं बंद होती.

थोडक्यात, उभं राहायला जन्मलेला नवरा आणि बसायला जन्मलेली बायको असा हा संसार होता, आणि दोघांच्या वेळा जुळत नसल्यामुळे तो सुखाचा चालला होता.

आठ महिन्यांपूर्वी कॅप्टन निवृत्त झाले, गेल्या महिन्यात बाई. आता तरी समोरासमोर बसून एक गरम जेवण जेवू, एवढीच बाईंची इच्छा होती. राजवाडा मागितला नव्हता. पहिल्याच दिवशी एकच्या ठोक्याला कॅप्टननी खांद्यावर फडकं टाकलं, बाईंना डाव्या बाजूने वाढलं आणि दोन पावलं मागे सरून उभे राहिले.

“अहो, बसा की.”

“तुझं होऊ दे.”

“माझं होईल. तुम्ही पण घ्या ना.”

“आणखी काही हवंय?”

“नवरा हवाय!”

“आत विचारून सांगतो,” कॅप्टन सवयीने म्हणाले आणि आत गेले.

जाताना बाईंचा पाण्याचा पेला घेऊन गेले. हा त्यांच्या धंद्यातला नियम. आत जायचं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, वाटेत जे दिसेल ते उचलून न्यायचं. हॉटेलात हा नियम सोन्यासारखा. घरात त्याच्यापायी बाईंचा अर्धा चहा रोज गायब व्हायचा, चष्मा साबणाच्या पाण्यात सापडायचा, आणि एकदा तर वाचत असलेली कादंबरी खरकट्या ताटांखाली निघाली. खून कोणी केला ते बाईंना अजून कळलेलं नाही.

“बाबांना बाहेर घेऊन जा जेवायला,” लेकीने फोनवर सल्ला दिला.

लेकीचं लग्न लांबच्या गावी झालं होतं, म्हणून तिला असले सल्ले सुचत. बाहेर जाऊन झालं होतं. दोनदा. पहिल्या खेपेला एक वेटर चार बशा तोलत येताना दिसला आणि कॅप्टन धावले. ते परत आले तेव्हा बाईंचं गोड खाऊन झालं होतं. दुसऱ्या खेपेला शेजारच्या टेबलावरच्या कुटुंबाने त्यांच्याकडेच ऑर्डर दिली. त्यांनी ती घेतली, आत सांगितली, आणली, वाढली. त्या हॉटेलच्या अभिप्रायवहीत त्या दिवशीची नोंद होती: “निळ्या स्वेटरवाल्या गृहस्थांची सेवा अप्रतिम. असं हॉटेल पाहिलं नाही.” निळ्या स्वेटरवाल्यांच्या बायकोचा अभिप्राय कोणी मागितला नाही.

तरीही बाई तिसऱ्यांदा निघाल्या, कारण पोस्टातल्या मंडळींनी निरोपाला एका मोठ्या हॉटेलचं दोघांच्या जेवणाचं कूपन दिलं होतं आणि आज त्याचा शेवटचा दिवस होता.

“आज उठायचं नाही,” दारात शिरताना बाईंनी बजावलं.

“नाही.”

“शपथ?”

“अगं, उठून करायचंय काय मला? पाहुणा आहे मी.”

बाईंनी कोपऱ्यातलं टेबल निवडलं आणि कॅप्टनना भिंतीकडे तोंड करून बसवलं. भिंतीवर एका बदकाचं चित्र होतं. बाईंचा हिशेब असा की दिसलं नाही म्हणजे हात शिवशिवणार नाहीत. पण या माणसाला कान होते.

“काटा पडला,” कॅप्टन बदकाकडे बघत म्हणाले. “दाराजवळच्या टेबलाला.”

“पडू दे.”

“अजून उचलला नाही कोणी. आता बघ, तो माणूस चमचा वाजवणार.” माणसाने चमचा वाजवला. “बघ!”

सेवा खरोखरच वाईट होती. एक उंच वेटर हॉलभर फिरत होता आणि कोणाच्याही नजरेला नजर भिडू देत नव्हता. ही कला बाईंच्या ओळखीची होती. त्यांना त्याच्याबद्दल थोडा आदरही वाटला. पाणी यायला वीस मिनिटं लागली. सूप आलं ते दुसऱ्या कुणाचं होतं, ते परत गेलं आणि बहुधा तेच फिरून पुन्हा आलं.

“रिकामा आत गेला,” कॅप्टन पुटपुटले. त्यांच्या कपाळावर घाम होता. “तीनदा गेला. तिन्ही वेळा रिकामा.”

“तुम्हाला पावलांवरून कळतं?”

“बशा घेतलेला माणूस असा चालतो होय?”

मग ते म्हणाले, हात धुऊन येतो. नाही कसं म्हणणार? बेसिन हॉलच्या पलीकडच्या टोकाला, भटारखान्याच्या दाराशेजारी होतं. बाईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा कॅप्टन डाव्या हातावर पाच बशा रचून दिमाखात चालले होते आणि मागून एक जाडजूड गृहस्थ हातात काटा घेऊन ओरडत होते, “अहो! अहो महाराज! जेवतोय मी!”

बशा परत गेल्या, माफी मागून झाली, मॅनेजर येऊन बाईंकडे अशा नजरेने बघून गेला जणू त्यांनीच हे जनावर मोकळं सोडलं होतं. उंच वेटर मात्र कॅप्टनच्या डाव्या हाताकडे बघत राहिला.

“कुठे होतात?” त्याने हळूच विचारलं.

“स्टेशनसमोर. तेहेतीस वर्षं.”

“पाच एका हातावर मला अजून जमत नाहीत.”

“अंगठा चुकतो तुझा,” कॅप्टन म्हणाले. बाईंनी त्यांना खाली बसवलं आणि टेबलाखालून त्यांच्या बुटावर आपली चप्पल ठेवली.

शेवटी जेवण आलं. मासा, उकडलेली भाजी, पाव. वाफ निघत होती. कॅप्टन समोर बसलेले होते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत होत्या. बाईंनी घास घेतला, मग कॅप्टननी घेतला. बाईंनी दुसरा घेतला, कॅप्टननी दुसरा. बाई थांबल्या, तेही थांबले आणि अदबीने त्यांच्या ताटाकडे बघत राहिले.

“तुम्ही जेवत नाही आहात. तुम्ही बसून वाढताय मला!”

“तुझ्या बरोबरीने खातोय. हेच हवं होतं ना?”

“तुम्हाला पाहिजे तसं खा ना हो!”

कॅप्टननी काटा ठेवला. “खरं सांगू? भूकच नाही. एक वाजता मला कधी भूक लागलेली आठवतच नाही. घड्याळ बिघडलंय बघ आतलं. साडेचारला लागते.”

गेला महिनाभर बाईंना वाटत होतं, हा माणूस हटवादी आहे. आता कळलं, बसून जेवायचं त्यांच्या मनात होतं, पण पोट कामावरून सुटलंच नव्हतं. बाईंना त्यांची कीव आली आणि रागही आला, की हे आधी सांगायला काय झालं होतं. मग त्यांनी वेटरला हात केला.

“हे दोन्ही आत नेऊन ठेवा. आम्ही साडेचारला जेवणार.”

“बाई, तीनला बंद होतं.”

बाईंनी कूपन उलगडलं, चष्मा लावला. “आजची तारीख आहे. वेळ कुठे लिहिलीय?”

“तसं नसतं हो…”

“लिहिलेलं दाखवा.”

वेटर मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर पहिल्यांदा गोड बोलला, मग कमी गोड. तो बिचारा नवखा होता. बाईंच्या खिडकीसमोर तीस वर्षं याहून मोठी माणसं थकून गेली होती. तीन वाजले. दिवे मालवले. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या. बाई बदकाखाली हात बांधून बसल्या होत्या.

“अगं, ऊठ,” कॅप्टन काकुळतीला आले. “आपण ते गिऱ्हाईक झालो!”

“कोणतं?”

“ते! ज्याला सगळा भटारखाना शिव्या घालतो. आपण बसलोय म्हणून त्यांना झाडता येत नाही, झाडलं नाही तर जेवता येत नाही.”

“झाडा म्हणावं. मी पाय वर घेते.”

त्यांनी घेतले. माणसांनी खालून झाडलं. चार वाजता भटारखान्याजवळचं लांब टेबल पुसलं गेलं, आणि सव्वाचारला आचारी, वेटर, भांडी घासणाऱ्या दोघीजणी, सगळे त्याच्याभोवती चक्क खुर्च्या ओढून बसले. कॅप्टन मान वळवून बघत राहिले.

“हे बसून जेवतात!” त्यांचा आवाज चिरकला. “आणि म्हणून सेवा अशी.”

“काका, या इकडे,” उंच वेटर कंटाळून म्हणाला. “तुमचं ताट गरम केलंय. काकूंना पण आणा. त्या नाहीतर उद्यापर्यंत बसतील.”

साडेचारला कॅप्टन जेवायला बसले. बाई बरोबर समोर. पहिली पाच मिनिटं ते नेहमीसारखे कोणी मागे लागल्यागत खात होते, पण शेजारी आचारी पाय पसरून गप्पा मारत जेवत होता आणि कोणालाच कुठे जायचं नव्हतं. हळूहळू कॅप्टनचे खांदे खाली आले. ते चावू लागले. सात मिनिटं झाली, दहा झाली. मग त्यांनी भाजीचा घास तोंडात घोळवला आणि म्हणाले,

“मीठ कमी आहे.”

आचाऱ्याने वर पाहिलं. बाईंचा घास हातातच राहिला. एकतीस वर्षांत या माणसाने जेवणाबद्दल बरावाईट शब्द काढला नव्हता. बाईंना गहिवरून येणार, एवढ्यात कॅप्टन पुढे म्हणाले, “तुझ्या भाजीत पण कमीच असतं.”

“माझ्या?”

“लग्नापासून.”

“मग बोलला का नाहीत इतकी वर्षं?”

“उभ्याने नीट कळत नव्हतं.” कॅप्टन शांतपणे चावत राहिले. “आता कळतंय. सुपात मिरीही जास्त घालतेस.” आणि त्यांनी बाईंच्या कपाळावरच्या आठ्यांकडे न बघता आचाऱ्याकडे आणखी एक पाव मागितला.