पश्चिमेच्या खिडक्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. आमच्या वास्तुकला विभागाच्या इमारतीत खिडक्या चुकीच्या बाजूला आल्या, त्या माझ्यामुळे.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली काही वर्षं. मी आणि माझा मित्र नुकतेच पास होऊन कलकत्त्यात त्याच विभागात मदतनीस लागलो होतो. मी गार्डन रीचच्या रेल्वे क्वार्टरमधला मराठी, तो पिढ्यान्‌पिढ्या बागबाजारचा. मराठ्यांच्या स्वाऱ्या बंगाल विसरलेला नाही. मला तो बर्गीच म्हणायचा, म्हणजे लुटारू मराठा स्वार. "तुम्हाला अडवायला आमच्या वाडवडिलांनी खंदक खणला, आणि तू खुशाल ट्रामनं आलास!"

विभागाच्या नव्या इमारतीचा आराखडा आमच्या विभागप्रमुख सरांनी त्याच्यावर सोपवला. पातळ कागदावर पेन्सिलीनं त्यानं तो सुरेख काढला: ड्रॉइंग हॉलला पूर्वेकडे खिडक्यांची रांग, पश्चिमेला कोरी भिंत. शाईनं गिरवणं आणि अक्षरं घालणं माझ्याकडे. कागद आरपार दिसणारा. मी तो पालथा लावला आणि त्यावर दुसरा कागद ठेवून तसाच गिरवला. पूर्वेचं पश्चिमेला गेलं. मित्र बहिणीच्या लग्नात, सर घाईत. सही झाली.

इमारत उभी राहिली, आणि पहिल्याच चैत्रात दुपारचं ऊन थेट पोरांच्या बोर्डांवर. पोरं छत्र्या उघडून रेषा मारायची. शाईवर घामाचा थेंब पडला की मित्र विचारायचा, "हा पुकुर, हे तळं कुठल्या मालकानं मागितलं, बाबू?" सर मात्र चिडले. मित्र स्वतःचे कान पकडून म्हणाला, "माझाच हात चुकला असणार, सर."

घरी जाऊन मी त्याचा जुना कागद काढला. गिरवताना उमटलेल्या दाबाच्या खुणा पेन्सिलीच्या उलट अंगाला होत्या. तरी गप्प बसलो. पुढचं ग्रंथालयाचं काम सरांनी त्याच्याकडून काढून मला दिलं. मी घेतलं.

गंमत म्हणजे त्या उन्हानंच इमारतीला माणसांत आणलं. दुपार कलली की सगळे बोर्ड उचलून दक्षिणेच्या रुंद व्हरांड्यात. वारा, चहा, मुडी म्हणजे आपले कुरमुरे, भांडणं. सरांचे तासही तिथेच. मित्र कठड्यावर बसून म्हणायचा, "बघ बर्गी, चुकून का होईना, झकास जमलं मला!" मीही हसायचो.

तो अजून तिथेच शिकवतो. त्यानंतर एकही इमारत त्याच्या वाट्याला आली नाही. दर नव्या तुकडीला हा किस्सा तो स्वतःच्या नावावर सांगतो आणि पोरं खो-खो हसतात.

त्या पोरांसमोर, तो ऐकत असताना, चूक माझी होती हे सांगणं मी त्याला देणं लागतो.