एक जूनच्या मुली

१९९० सालच्या ऑगस्टमध्ये, पोळ्याच्या आधीच्या आठवड्यात, कल्पना धुळ्याच्या एका दवाखान्यात बाळंतपणात वारली. मूलही वाचले नाही. शाळेच्या दाखल्याप्रमाणे तिचे वय एकोणीस होते. प्रत्यक्षात तिला अठरा पूर्ण व्हायला काही दिवस कमी होते. हा सव्वा वर्षाचा फरक बैसाणे बाईंनी केला होता, स्वतःच्या हाताने आणि तिच्या भल्यासाठी.

बैसाणे बाई चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या गावात प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. मूळच्या धुळ्याच्या, बौद्ध, एकट्या राहणाऱ्या. उंची कमी, आवाज मोठा. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्या वही घेऊन घरोघर फिरत. गावात जन्माची नोंद क्वचितच कोणी केलेली असे. मूल सहा वर्षांचे झाले का, हे पाहायची एक रीत होती. उजवा हात डोक्यावरून पलीकडे न्यायचा आणि डाव्या कानाला लावायचा. हात पोहोचला की मूल शाळेच्या वयाचे. मुलगा असला तर बाई नुसत्या उभ्या राहून बघत. मुलगी असली तर तिचे डोके हलकेच कलते करत, बोटे ओढून कानाला टेकवत आणि म्हणत, “पोहोचला.” मग जन्मतारीख लिहीत: एक जून, सहा वर्षांपूर्वीची. साडेचार-पावणेपाच वर्षांच्या मुली अशा पहिलीत बसल्या. मी त्यांतली एक. कल्पना माझ्यानंतर तीन वर्षांनी आली.

यामागचे कारण बाई कोणी न विचारताही सांगत. “माझं लग्न चौथीत झालं. एक वर्ष आधी शाळेत घातलं असतं तर चौथी तरी पुरी झाली असती. पोरगी मोठी झाली की घर दार लावून घेतं. त्याच्या आधी जेवढं पदरात पडेल तेवढं आपलं.” सोळाव्या वर्षी त्या सासर सोडून वडिलांकडे परत आल्या आणि आपल्याहून पाच वर्षांनी लहान मुलांच्या वर्गात बसून शिकल्या. सासरचा विषय त्यांनी याहून जास्त कधी काढला नाही.

शाळेत झाडू मुलगे मारत आणि घंटा मुली देत. एका पालकाने येऊन हरकत घेतली, तेव्हा बाई म्हणाल्या, “तुमच्या पोराला झाडू येत नाही हे मला ठाऊक नव्हतं. दोन दिवस द्या, शिकवते.” मुलींना त्या ओरडून वाचायला लावत. कोणी पुटपुटली की म्हणत, “हळू बोलायला पुढे सगळा जन्म पडला आहे.”

कल्पना उत्तम आबांची मोठी मुलगी. घरची केळीची बाग, एक धाकटा भाऊ. ती वडिलांचा जुना शर्ट परकरावर घालून शाळेत यायची आणि घंटा इतकी जोरात द्यायची की शेतातली माणसे वर बघत. तिची आई तिचा जन्म पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा सांगे. कल्पना बाईंना म्हणायची, “माझे वाढदिवस दोन. एक आईचा, एक तुमचा. गोड मात्र एकदाही नाही.”

सातवीत असताना तिला पहिल्यांदा बाहेर बसवले. गोठ्याशेजारच्या पडवीत एक घोंगडी, एक तांब्या. शर्ट त्याच दिवशी काढून घेतला. दुसऱ्या दिवशी बाई अंकगणिताचे पुस्तक घेऊन आल्या आणि तिच्या घोंगडीवरच बसल्या. मी बरोबर होते. कल्पनाची आजी उंबऱ्यातून म्हणाली, “बाई, तिले शिवू नका.”

“अक्का, मला शिवायला गाव आधीच भितं,” बाई म्हणाल्या. “आता आम्ही दोघी एकीकडे. तुमची काळजी मिटली.”

आजी आत गेली. बाईंनी त्या दिवशी व्याजाची दहा उदाहरणे सोडवून घेतली. उठताना पडवीकडे एकदा बघून म्हणाल्या, “इथून पुढे घाई करायला हवी.”

१९८७ मध्ये कल्पना दहावी झाली. निकालाच्या आठवड्यातच उत्तम आबांनी लग्नाची बोलणी सुरू केली. बाई शाळेचे रजिस्टर काखेत घेऊन त्यांच्या ओट्यावर गेल्या आणि सगळ्यांसमोर पान उघडून धरले. “एक जून एकाहत्तर. सोळा झाली. कायदा अठरा मागतो. रजिस्टर सरकारी आहे, आबा. याच्यापुढे माझंही चालत नाही, तुमचंही नाही.”

उत्तम आबांनी पान नीट वाचले. तारखेवर बोट ठेवले. आवाज चढवला नाही. “मंग दोन वरीसनीच गोट शे ना, बाई? थांबसूत.”

आबा थांबायला तयार झाले म्हणून परत येताना बाई खुशीत होत्या. दोन वर्षांत बारावी होईल, मग धुळ्याला डी.एड., असे त्या रस्ताभर सांगत होत्या. उत्तम आबांनी त्याच आठवड्यात दाखल्याची नक्कल काढून घेतली. घरी देवाच्या फोटोमागे ती ठेवलेली असे. पाहुण्यांसमोर ते ती काढत आणि परत ठेवत. कल्पना रोज चाळीसगावला जाऊन बारावी शिकली. तिला कोणी अडवले नाही.

१९८९च्या मे महिन्यात पत्रिका आली. मुलगा धुळ्याचा, नोकरीचा. लग्न दोन जूनला. बाईंनी भरून दिलेला डी.एड.चा अर्ज उत्तम आबांनी पोस्टात टाकायला म्हणून नेला होता. तो टाकला गेला नव्हता.

मी महिनाभरापूर्वी जळगावच्या एका दैनिकात लागले होते आणि तिथेच मेहरूण भागात खोली घेऊन राहत होते. बाईंचा निरोप आला म्हणून गावी गेले. आधी कल्पनाला भेटले. तिला हळद लागली होती. ती म्हणाली, “शोभाताई, मी किती वर्षांची ते एकदा बाईंना विचारून सांग. आबा म्हणतात अठरा. आई म्हणते गप्प बैस.” आई शेजारीच दळणाचा डबा भरत होती.

एक जूनला दुपारी बाई आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. मुलगी सोळा वर्षे नऊ महिन्यांची आहे, लग्न थांबवा, असे बाईंनी सांगितले. जमादारांनी ऐकून घेतले. उत्तम आबा सकाळीच दाखल्याची नक्कल दाखवून गेले होते.

“आज अठरा पुरी झाली,” जमादार म्हणाले. “हे अक्षर कोणाचं, बाई?”

“माझं.”

“मग?”

“तारीख मी वाढवून लिहिली.”

“तसं लिहून द्या. आत्ता जीप काढतो.” त्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. मग म्हणाले, “पण एकीचीच वाढवली की आणखी कोणाची, तेही विचारतील. सगळं रजिस्टर उघडावं लागेल.”

रजिस्टरमध्ये अशा एकतीस मुली होत्या. कोणी नर्स झाली होती, कोणी बालवाडीत लागली होती, बऱ्याच जणींची लग्ने झाली होती. माझ्या नेमणुकीच्या कागदांतही तोच दाखला होता. बाईंनी कागदावर आपले नाव लिहिले, शाळेचे नाव लिहिले आणि थांबल्या. माझ्याकडे पाहिले. मी काही बोलले नाही.

जमादारांनी चहा मागवला. तो संपेपर्यंत बाईंनी आणखी काही लिहिले नाही. कागदाची घडी करून त्यांनी पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “चल. उन्हं उतरली.” दुसऱ्या दिवशी लग्न झाले. बाई अक्षता टाकायला गेल्या. निघताना कल्पनाने त्यांना नमस्कार केला. बाईंनी आशीर्वाद दिलेला मी ऐकला नाही.

त्या वर्षीच्या आणि पुढच्या जूनमध्ये बाई वही घेऊन फिरल्या नाहीत. शिक्षकांना पाठवले. कल्पनाची दोन पत्रे त्यांना आली. दुसऱ्यात पायांना सूज आहे, सासूबाई म्हणतात असतेच, एवढे होते.

मृत्यूची बातमी गावात पोहोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी बाईंनी अर्ज लिहिला. चार पाने. एकतीस मुलींची नावे, लिहिलेली तारीख, आणि आईने सांगितलेली खरी तारीख किंवा सण. यादीत चौथे नाव माझे होते. यांतल्या सहा मुलींची लग्ने येत्या हंगामात ठरण्यासारखी आहेत, त्यांची वये आधी दुरुस्त व्हावीत, आपल्यावर होईल ती कारवाई मान्य आहे, असे शेवटी होते. अर्ज त्यांनी तालुक्याच्या कार्यालयात स्वतः नेऊन दिला आणि पोच घेतली.

दिवाळीनंतर चौकशी झाली. एकतीस मुलींच्या पालकांना बोलावले होते. अठ्ठावीस आले. पहिला जबाब उत्तम आबांचा. “शायमा लिखेल शे तीच तारीख खरी शे,” म्हणजे शाळेत लिहिलेलीच तारीख खरी, असे त्यांनी सांगितले आणि सही केली. त्यांच्यानंतर सगळ्यांनी तेच सांगितले. त्यांत माझे वडील होते. त्या सहा मुलींचेही वडील होते.

अर्जावरचा शेरा मी कार्यालयात जाऊन वाचला. “अर्जात तथ्य आढळले नाही. प्रकरण दप्तरी दाखल.”