स्टेजवरचा पान्हा

त्याला सगळे ठिणगी म्हणत. हात वेल्डिंगचा आणि डोकं लगेच पेटणारं. एकोणीस वर्षं पक्षाच्या प्रत्येक सभेचं स्टेज त्यानेच उभं केलं होतं. साहेबांसाठी त्याने लोकांची डोकी फोडली, स्वतःचे पुढचे दोन दात घालवले. दातांबद्दल कुणी विचारलं की म्हणायचा, "पक्षाला दिले. पावती नाही मिळाली."

गेल्या निवडणुकीत समोरच्या पक्षाच्या कंत्राटदाराने मतदान केंद्रावर माणसं घुसवली. ठिणगीचा थोरला भाऊ दारात आडवा उभा राहिला. कंत्राटदाराने स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यात गज घातला. भाऊ तीन दिवस नळ्या लावून पडून राहिला आणि चौथ्या दिवशी गेला.

वहिनीने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती पोलिसांकडे निघाली, तेव्हा साहेब घरी आले आणि तिच्यासमोर जमिनीवर बसले. "आत्ता नाव घेतलंस तर ते तुझ्या पोरीलाही सोडणार नाहीत. तुझा नवरा माझा भाऊ होता. त्या माणसाला मी बघतो."

ती ऐकेना. तेव्हा ठिणगीच दारात उभा राहिला. "वहिनी, साहेबांनी शब्द दिलाय."

त्या गोष्टीला पाच वर्षं झाली. या वेळी मतदानाला महिना होता. ठिणगी पान्ह्याने स्टेजचा शेवटचा बोल्ट आवळत असताना गाड्या येऊन थांबल्या. साहेबांच्या पाठोपाठ कंत्राटदार उतरला. साहेबांनी त्याला वर नेलं, गळ्यात पक्षाचा पट्टा घातला आणि माईकवर सांगितलं, "आपले उमेदवार हेच!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

ठिणगी पायऱ्या चढला. "साहेब, हा?"

साहेबांनी माईकवर हात ठेवला. "मन मोठं कर. असलं धरून बसलं तर राजकारण होत नाही. हात मिळव, फोटो निघू दे."

कंत्राटदाराने हसत हात पुढे केला. ठिणगीच्या हातात पान्हा तसाच होता. पहिला घाव खांद्यावर बसला, हाड मोडलं. दुसऱ्याने जबडा फुटला, पांढऱ्या पट्ट्यावर रक्ताची चूळ पडली. तिसऱ्यासाठी तो साहेबांकडे वळला. साहेब खुर्चीआड दडून बसले होते. ज्याच्यासाठी एवढी वर्षं छाती काढून उभा राहिलो तो हा, या विचाराने त्याचा हात अडला.

तेवढ्यात कार्यकर्ते तुटून पडले. त्यांना मारामारी त्यानेच शिकवली होती. त्यांनी त्याला खाली ओढलं, स्टेजच्या उरलेल्या पाइपांनी बरगड्या मोडल्या, कान अर्धा फाडला. त्याची हालचाल थांबल्यावर माईकवरून आवाज आला, "मारू नका रे, आपलाच आहे."

इस्पितळात दाराशी पोलीस होता. वहिनी आली, खाटेजवळ उभीच राहिली.

"कशाला केलंत, भाऊजी?"

"दादासाठी," तो सुजल्या तोंडाने म्हणाला.

"खोटं. दादासाठी करायचं होतं तेव्हा माझी वाट अडवलीत. परवा साहेबांनी तुम्हाला फसवलं, म्हणून हात उचललात."

त्याच्या डोळ्यांतून पाणी टाक्यांवर उतरलं. "आता जाशील पोलिसांत?"

"सकाळीच जाऊन आले. कंत्राटदाराचं नाव घेतलं, साहेबांचं घेतलं. तुमचंही घेतलं."

"बरं केलंस," तो म्हणाला.

कंत्राटदार हात झोळीत घालून निवडून आला. लोकांना त्याची कीव आली होती. ठिणगीला चार वर्षांची शिक्षा झाली. भावाच्या खुनाचा खटला उभा राहिला तेव्हा त्याला बेड्या घालून कोर्टात आणलं. साहेब वहिनीच्या घरात कुठे बसले, काय बोलले, आपण दार कसं अडवलं, सगळं त्याने सांगितलं. साहेबांचा वकील म्हणाला, "एकोणीस वर्षं तुम्ही त्यांचेच माणूस होतात ना?"

"होतो," ठिणगी म्हणाला. "म्हणूनच तर मला माहीत आहे."

कंत्राटदाराला जन्मठेप झाली. साहेब पुरावा दडपल्याच्या आरोपातून सुटले. बाहेर पडताना त्यांनी ठिणगीकडे पाहिलं नाही; वहिनी मात्र बेड्या घातलेल्या दिराशेजारून चालत पोलिसांच्या गाडीपर्यंत गेली.