दानियलच्या आईला दिलेलं उत्तर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, पाळकसाहेबांना नाही — प्रार्थनेतसुद्धा मी याला वळसा घालूनच जातो. तुम्हाला काहून सांगून राहिलो, तेही ठाऊक नाही.

दानियल अलिबागकडचा. बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी यहुदी. मी ख्रिस्ती, जन्म जबलपूरचाच. दोघंही तोफांच्या कारखान्यात, आणि घमापूर मोहल्ल्यात एका खोलीत. शनिवार त्यांचा विसाव्याचा पवित्र दिवस, तो चूल पेटवायचा नाही, स्वयंपाक मी करायचो. रविवारी मी चर्चमध्ये शास्त्रपाठ घ्यायचो. बाकीचे दिवस आम्ही भांडायचो — दोघांच्याही धर्मग्रंथात असलेल्या यशया संदेष्ट्यावरून.

ते वचन तुम्ही ऐकलं असेल. एक बाळ, आणि त्याच्या नावांत देवाचं नाव. मी म्हणायचो, येशू जन्मण्याच्या कितीतरी आधी हे त्याच्याबद्दलच लिहिलं. मसीहा म्हणजे साक्षात देव, अजून काय पुरावा पाहिजे? दानियल बशीतला चहा फुंकत म्हणायचा, "अरे, माझ्या नावात 'एल' आहे. एल म्हणजे देव. मग मी देव झालो का? ते बाळ म्हणजे त्या काळचा राजपुत्र, भास्कर. मसीहा यायचाय अजून. आणि येईल तो माणूसच असेल."

ते लागायचं मला. मंडळीत मात्र मी सांगत असे — दानियल येशूकडे वळून राहिलाय, थोडे दिवस थांबा.

मग लढाई लागली. रजा बंद, पाळीवर पाळी. दानियलला टायफॉइड झाला, आणि तो अंगातल्या तापानिशी कामावर जात राहिला. इस्पितळात नेला तेव्हा उशीर झाला होता. आईला तार केली. पण गाड्या सगळ्या फौजेने भरलेल्या.

शेवटच्या दुपारी त्याच्याजवळ मी एकटा होतो. काय केलं मी? पाणी पाजलं? हात धरला? — मी यशया वाचत बसलो. मोठ्याने. "एकदा हो म्हण, दानियल. तोच मसीहा, तोच देव. एवढंच म्हण."

त्याने डोळे उघडले. "पुरे कर रे," म्हणाला. मग डोळ्यांवर उजवा हात ठेवून त्याने शेमा म्हटला. देव एकच आहे, असं सांगणारी त्यांची लहानशी प्रार्थना. ती ओठांवर घेऊन जावं, अशी यहुदी माणसाची इच्छा असते. हिब्रूतली — पण मी ती खोलीत रोज सकाळी ऐकत आलो होतो. त्यानंतर तो बोलला नाही.

पाळकसाहेब आले. "भैया, आखिर में कुछ बोला?"

"हाँ जी," मी म्हणालो. "येशूला प्रभू म्हणाला."

कसं निघालं तोंडातून? सहज. कुणी वेळ विचारली आणि सांगितली, तसं. त्याला आमच्या कब्रस्तानात पुरलं, वर लाकडी क्रूस. रविवारी मंडळी रडली. पाळकांनी माझा हात धरून मला पुढे उभं केलं.

इथवर सांगणं सोपं आहे. पुढचं —

आई आली तेव्हा सगळं आटोपलं होतं. क्रूसाचं तिला पाळकांनी सांगून टाकलं होतं. ती आमच्या खोलीत, दानियलच्या खाटेवर बसली. रडली नाही. "बाळ," म्हणाली, "तुम्ही तुमच्या रीतीने केलंत, मी काही बोलत नाही. मला एवढंच सांग — त्याने शेमा म्हटला?"

खोलीत आम्ही दोघंच. हो म्हणायला किती वेळ लागतो? पण ती ते पाळकांना सांगेल — मला तेवढंच दिसलं.

"नाही," मी म्हणालो.

"एकदाही नाही?"

"नाही, आई."

तिने मान हलवली. त्याचे कपडे घडी करून पेटीत भरले. कब्रस्तानात येता का, विचारलं, नको म्हणाली. स्टेशनवर मी तिला जागा मिळवून दिली, सुरईत पाणी भरून दिलं. गाडी सुटताना ती मला म्हणाली, "सुखी राहा."

मला काय वाटलं? काहीच नाही. पुढे मी मंडळीचा वडील, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांपैकी एक, झालो. दर नाताळाला यशयाचं ते वचन मीच वाचतो. ती अलिबागला आणखी बरीच वर्षं जगली, असं कळलं. पोस्ट आमच्या गल्लीतच होतं, पण मी तिला एक ओळ लिहिली नाही.

तिचा मुलगा शेमा म्हणूनच गेला.