साहेबांना दिसलं ते मलाही दिसलं

एकाहत्तरच्या फेब्रुवारीत मी नगरजवळच्या फायरिंग रेंजवर नाईक होतो. काम रेडिओ ऑपरेटरचं. गाव तिसगाव, त्यामुळे रजेवर जायला एकच एसटी पुरायची आणि बाकीचे जवान जळायचे.

आमच्या तोफखान्याचे डोळे म्हणजे कॅप्टन वाकचौरे. अकोले तालुक्यातले, भंडारदऱ्याजवळच्या खेड्यातले. हलक्या विमानातून एकटेच वर जायचे आणि गोळा कुठे पडला ते रेडिओवर सांगायचे. मी ते तोफांकडे पोचवायचो आणि वेळेसकट लॉगबुकात लिहायचो. गोळा दिसला नाही तर काहीजण अंदाज ठोकून देत. साहेब सरळ म्हणत, "दिसला नाही." मला त्याचं फार कौतुक वाटायचं.

त्या दिवशी वरचे अधिकारी प्रात्यक्षिक बघायला आले होते. आकाश स्वच्छ होतं. सोळा-चाळीसला साहेबांचा आवाज आला.

"फायर थांबवा. माझ्या वर एक वस्तू आहे. चांदीसारखी चमकते. ओळख पटत नाही. ओव्हर."

तोफा थांबल्या. मी दुर्बीण लावली. पूर्वेला, विमानाच्या बऱ्याच वर, भरलेल्या पखालीसारखं काहीतरी फिकट दिसत होतं. हलत नव्हतं.

"मलाही दिसतंय, सर. ओव्हर."

"रॉजर. जवळ जातो."

शेजारी उभे असलेले सुभेदार हळूच म्हणाले, "शेख, खाली बघ. हवालदारी तोंडावर आलीय तुझी."

मी खाली बघितलं. लॉगबुकात साहेबांचे शब्द लिहिले, माझं वाक्य गाळलं. त्याची लाज मला आजही वाटते.

साहेब नऊ हजार फुटांपर्यंत चढले. सतरा-शून्य-दोनला म्हणाले, "वस्तू दिसेनाशी झाली. कुठे गेली, माहीत नाही." मग खाली येऊन उरलेलं फायरिंग पुरं केलं, मधे चहाची सुट्टी झाल्यासारखं.

पाहुण्यांसमोर बावीस मिनिटं तोफा मुक्या राहिल्या होत्या. दुसऱ्या दिवशी कमांडिंग ऑफिसरांनी साहेबांना बोलावलं. मी लॉगबुक घेऊन दारात उभा होतो.

"उन्हाची तिरीप असेल. तसं लिहून द्या, विषय संपला."

"तिरीप नव्हती, सर. काय होतं ते मला माहीत नाही. तेवढंच लिहीन."

"आणखी कोणी पाहिलं?"

साहेबांनी माझ्याकडे नजरसुद्धा वळवली नाही. "मी माझं सांगितलं, सर. दुसऱ्याचं ज्याचं त्याने सांगावं."

मी गप्प राहिलो. साहेबांचं उड्डाण बंद झालं. डोळे आणि डोकं तपासायला हॉस्पिटलात जाण्याचा हुकूम निघाला. तिथे 'अनफिट' शिक्का बसला असता तर विमान कायमचं सुटलं असतं. ते ऑफिसात फायली चाळत बसायचे आणि विमानाचा आवाज आला की खिडकीशी जायचे. मला जेवण जाईना.

नवव्या दिवशी मी कमांडिंग ऑफिसरांपुढे उभा राहिलो आणि सगळं लिहून दिलं.

"प्रमोशन नको का?"

"हवंय, सर. पण मला दिसलं होतं."

साहेबांबरोबर माझा कागदही हॉस्पिटलात गेला. दहा दिवसांनी साहेब 'फिट' होऊन आले. माझी हवालदारी लांबली, ते रास्तच होतं. साहेब मला एवढंच म्हणाले, "शेख, टपालसुद्धा आठ दिवस घेत नाही." आणि पाठीवर थाप मारून विमानाकडे गेले.

ती वस्तू काय होती, कुणालाच कळलं नाही. शास्त्रज्ञांचा फुगा असावा, असं काहीजण म्हणतात. असेलही.

डिसेंबरात लढाई लागली. पश्चिम सीमेवर एका सकाळी साहेब वर होते आणि मी रेडिओवर. शत्रूच्या तोफा आमच्या पलटणीला भाजत होत्या. साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "डावीकडे शंभर. मला लागलंय. पुढचा गोळा टाका." तो गोळा बरोबर बसला. मी तासभर त्यांना हाका मारत होतो. उत्तर आलं नाही.

लढाईनंतर मी त्यांच्या गावी गेलो. माझ्याच कागदानं तुमचा मुलगा पुन्हा आभाळात गेला, हे त्यांच्या आईला सांगायचं होतं. त्या ओट्यावर तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं आणि शिव्या खायची तयारी ठेवली.

त्यांचं सूप थांबलं. "म्हंजी तुमालाबी दिसलं हुतं?"

"दिसलं होतं, आई."

"गावात म्हनायचे, पोराचं डोकं फिरलंय, तपासाया नेलंय. रजेवर आला तवा म्हनला, आये, खरंच हुतं. मी व्हय म्हनले. पर मनातून मला खरं वाटलं न्हाई."

त्या उठल्या. आत भिंतीवर साहेबांचा वर्दीतला फोटो होता. त्यापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "चुकलं रं माजं, बाळा."