बिनसाखरेचा चहा

शहापूरला हायवेलगतच्या टपरीवर तो रोज सकाळी यायचा. मोबाइल समोर टेबलावर ठेवून बिनसाखरेचा चहा घ्यायचा. आम्हाला वाटायचं, शुगर असेल. पूर्वी अफगाणिस्तानात परदेशी फौजेच्या मेसमध्ये तो आचारी होता.

ती फौज वीस वर्षांनी निघून गेली आणि इकडे टपरीवर आमची भांडणं सुरू झाली. चूक फौज पाठवणाऱ्याची की परत बोलावणाऱ्याची? मी दोघांनाही सोडत नव्हतो. एकदा त्यालाच विचारलं, "तुम्ही तर तिथंच होते नं. जबाबदार कोण?"

गमछ्याने मोबाइल पुसत तो म्हणाला, "मोठ्यायचं मले नाही समजत. तिथल्या एका मानसाले मीच मेसच्या कामाले लावलं होतं. फौज गेली, तो मागं राहिला. आता फौजेचा मानूस म्हनून तिथले बंदूकवाले त्याले शोधून राहिले. तेवढं माझ्या अंगावर हाय."

मला रागच आला. एवढ्या मोठ्या युद्धाचं एवढंसं उत्तर?

थंडीतल्या एका सकाळी त्याचा मोबाइल वाजला. लांबलचक नंबर पाहून तो उभाच राहिला. "बीवी-बच्चे भी पहुंच गये?" हे त्याने पुन्हापुन्हा विचारलं. मग खाली बसला आणि आमच्याकडे पाहून म्हणाला, "निघाला बापा तिथून. सारे निघाले."

आम्ही सगळेच हसलो. भांडण कुठवर आलं होतं, कोणालाच आठवेना.

त्याने मोबाइल खिशात टाकला, ग्लास टपरीवाल्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "आज साखर टाक गा."